पिवळे शब्द

सोमवार, २ जुलै २००७

आज पंतांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं आणि मी विचार न करता "होईल" म्हणून मोकळा झालो. झालं. आता निस्तरा.

प्रकरण असं आहे. आमच्या गिरगावच्या छापखान्यात एका मासिकाचे अठरा वर्षांचे अंक कॉम्प्युटरवर पडलेत, पण जुन्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट म्हणजे निव्वळ सोंग. पडद्यावर 'क' दिसतो, आत भलतंच इंग्रजी अक्षर बसलेलं असतं. फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडलं की अख्ख्या अंकाचा कचरा. मासिकवाल्यांना ते सगळं इंटरनेटवर टाकायचंय, म्हणजे युनिकोडमध्ये हवं, जे कुठेही मराठीच दिसतं. सध्या आमच्या दोघी टायपिस्ट, माझी ताई आणि रमामावशी, जुना अंक पुढ्यात ठेवून पहिल्यापासून परत टाइप करतायत. पंत म्हणाले, "रघुनाथ, हे मशीनकडून नाही का व्हायचं?" म्हटलं, होईल, पायथनमध्ये लिहितो. "म्हणजे अजगर? गिळेल ना सगळं?" म्हणाले आणि स्वतःच हसले. दिवाळीच्या आत झालं तर मला कायम करणार. वर म्हणाले, "आणि हे बघ, बाहेर दोघींजवळ इतक्यात बोलू नकोस. उगाच चर्चा नको."

मोठ्या माणसांचं हे आवडतं मला. काम होईपर्यंत गाजावाजा नाही.

ताईला अर्थात सांगितलंच. एका घरात राहतो, एका बसने जातो, पोटात कसं राहणार? शिवाय याच छापखान्यात मला तिनेच चिकटवलं. वाटलं, खूश होईल. ती बसच्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, "किती दिवस लागतील?" दोन-तीन महिने, म्हटलं. "बरं," म्हणाली. आमची कालिंदीताई अशीच कोरडी. हिला लॉटरी लागली तरी म्हणेल, बरं.

गुरुवार, ५ जुलै

बाबांना समजावून सांगायला गेलो आणि पस्तावलो. बाबा गॅलरीत स्टुलावर बसले होते. पूर्वी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. संप झाला, गिरणीने परत घेतलं नाही. मग डिलाईल रोडच्या नाक्यावर भाजी विकली, कागदाच्या पिशव्या चिकटवल्या. आता गुडघे गेल्यामुळे रस्ता बघतात. संपात मी पाळण्यात होतो, त्यामुळे माझ्यासाठी ती सगळी ऐकीव गोष्ट आहे.

म्हटलं, बाबा, सोपं आहे. एक चिन्ह जिथं जिथं सापडेल तिथं त्याच्या जागी दुसऱ्याची बदली करायची.

बाबांनी मान वर केली. "बदली? म्हणजे कायम नाय?"

सात वर्षं बदली कामगार होते ते. सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी आला नाही तर त्याच्या साच्यावर आत. म्हटलं, "अहो बाबा, अक्षरांची बदली."

"ता कळला माका. पण ज्याच्या जागेर बदली घेतलो, तो खंय गेलो?"

"तो पुसला जातो."

"हां," म्हणाले आणि तंबाखू मळत बसले. आमच्या बाबांना जिकडे तिकडे गिरणीच दिसते. काय बोलणार?

शुक्रवार, १३ जुलै

पहिल्या वेलांटीने जीव नकोसा केलाय. बोलताना ती अक्षरानंतर येते, कागदावर मात्र रांग मोडून आधी येऊन बसते. जुन्या फॉन्टमध्ये दिसते तशीच आधी, युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे नंतर. म्हणजे तिला उचलून पलीकडे ठेवायचं. 'किती'ला जमलं. 'स्थिती' म्हटल्यावर तिने अर्धा स आणि थ यांच्या मधेच फतकल मारली.

दोन दिवस मी प्रोग्रॅममध्ये जागोजागी 'इथे आलो', 'इथेपण आलो' असं छापून चूक शोधत होतो. आज शेवटी डिबगर शिकलो. प्रोग्रॅमला एकेका ओळीवर थांबवायचं आणि विचारायचं, बाबा रे, आत्ता तुझ्या हातात काय आहे? पाचव्या मिनिटाला चोर सापडला. जोडाक्षर संपलं की नाही हे न बघताच मी वेलांटी टाकत होतो. इतके दिवस हे का नाही वापरलं म्हणून स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

नेटवर एकाने लिहिलंय की आधी हवं ते उत्तर लिहून ठेवा, मग प्रोग्रॅम लिहा. म्हणजे प्रत्येक बदलानंतर सगळी उत्तरं आपोआप ताडून बघता येतात, आज दुरुस्त केलेल्याने कालचं बिघडवलं नाही ना ते लगेच कळतं. त्याला चाचण्या म्हणतात. ताईला म्हटलं, अवघड अवघड शब्द सांग गं. तिने चहा पिता पिता सांगितले: स्त्रियांनी, निष्क्रिय, कार्तिकी, अर्धांगिनी, मूर्च्छित. 'मूर्च्छित'ला माझा प्रोग्रॅम खरोखरच मूर्च्छित पडला. तो शुद्धीवर आणेपर्यंत संध्याकाळ झाली. तिचं एक मात्र चुकलं. 'आशीर्वाद'मधली शी पहिली म्हणाली. मी शब्दकोश आणून नाकासमोर धरला. फार बरं वाटलं.

माझ्या चाचण्या पंतांना दाखवल्या. "डोकं आहे तुला," म्हणाले.

शनिवार, २१ जुलै

आज मी माझाच प्रोग्रॅम पुसला. फायलींची नावं होती 'नवा', 'नवा दोन', 'शेवटचा' आणि 'खरंच शेवटचा'. त्यात खरंच शेवटच्यावर नुसता शेवटचा चढवला. आठवड्याची मेहनत गेली. टेबलावर डोकं ठेवून बसलो होतो तर रमामावशीने विचारलं, "काय रे, कोणी गेलं का?"

म्हणून आता रीतसर व्यवस्था बसवली. प्रत्येक बदल जपून राहतो, कोणी केला आणि का केला हेसुद्धा. हवं तेव्हा मागे जाता येतं. कारण लिहायचा मात्र कंटाळा येतो, मी आपला सगळीकडे 'दुरुस्ती' लिहितो. ताई हल्ली जेवणाच्या सुट्टीत खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसते. म्हणाली, "काय दुरुस्त केलंस ते लिही की. महिन्याने तुलाच कळायचं नाही." मग ही ओळ काय करते, ती ओळ काय करते. वेळ जात नसेल तिचा, दुसरं काय. सांगतो मीही, शिकवताना आपलं पक्कं होतं.

आज अर्धा दिवस. ती मोरपिशी साडी नेसून आली होती आणि सुटल्यावर थेट दादरला गेली. कशाला, तर "काम आहे." मागच्या शनिवारीपण काम होतं. कोणी माणूस आहे की काय? अडतिसाव्या वर्षी! माझी काही हरकत नाही. आमच्यापायी तिचं लग्नाचं वय निघून गेलं हे मला कळतं, पंधराव्या वर्षी टायपिंगच्या क्लासला बसली ती घर चालवायलाच. पण सख्ख्या भावाला सांगायला काय जातं?

शनिवार, ४ ऑगस्ट

आज एक नामी नियम लिहिला, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

'दुसऱ्या', 'साऱ्या', 'तऱ्हा' यांत अर्ध्या र ची ती आडवी रेघ येते. जुन्या फॉन्टमध्ये तिच्यासाठी आकडे दाबावे लागायचे, म्हणून सगळे ऑपरेटर खुशाल रफार ठोकून द्यायचे. छापलंय 'दुसर्या', वाचणारा वाचतो 'दुसऱ्या'. मराठी माणूस समजूतदार, मशीन नाही. तर माझा नियम असा: रफाराखाली नुसता य असेल तर हात लावायचा नाही, म्हणजे कार्य, धैर्य, सूर्य सुखरूप. या असेल तर रफार काढून रेघ. 'सूर्याला', 'आचार्यांनी' असले अपवाद ताईने भराभर सांगितले, तेही घातले. तपासायला शाळेच्या पुस्तकातले सह्याद्रीवरचे धडे घेतले. दऱ्या, खोऱ्या, साऱ्या, कोऱ्या. शंभर टक्के बरोबर! आमचं गाव घाटाच्या पायथ्याशी, तेव्हा दऱ्याखोऱ्यांचं काम माझ्याकडून चुकणं शक्यच नव्हतं.

ताई म्हणाली, "खरी पानं बदलायच्या आधी नुसतं दाखव, काय काय बदलणार ते. आपण वाचू, मग बदल." तशी सोय केली. नुसती नावाला चालणारी फेरी. आम्ही ती फेरी लावतो, ताई वाचते, मी होकार देतो.

गुरुवार, १६ ऑगस्ट

छापखान्यात आज वादळ आलं. शीव कोळीवाड्याच्या महिला मंडळाच्या गुणवंतीबाई. दादरला मासळी विकतात, आणि आमचं ऑफसेट मशीन चालू असताना त्याच्याहून मोठ्याने बोलतात. नारळी पौर्णिमेला मंडळाची स्मरणिका काढायचीय. काशीबाई म्हणून नव्वदीच्या आजी आहेत, सगळे त्यांना 'आय' म्हणतात, त्यांची गाणी पहिल्यांदाच छापून येणार. कोळीवाड्यातल्याच कोणी ती जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून सीडी दिलीय.

"माझी भाची दुबईला हाय. तिला कंप्युटरवर दिसली पायजेत न् आयला हातात पुस्तक पायजे," गुणवंतीबाई म्हणाल्या. "आयचा डोला गेलाय. पण आमी वाचून दाखवताव ना."

पंत म्हणाले, रघुनाथच्या यंत्रातून काढू, होऊन जाऊ दे परीक्षा. मी छाती पुढे काढून उभा.

शनिवार, २५ ऑगस्ट

स्मरणिका गेली. ताई दुपारी दादरला गेली होती, पंत घाई करत होते, मशीनमन शाई लावून उभा. नुसतं दाखवणारी ती फेरी लावली नाही. सगळ्या चाचण्या पास होत्या, मग पुन्हा कशाला? सरळ बदल केला आणि पान सोडलं. पहिल्यांदाच कोणाचाही हात न लागता अख्खं पुस्तक तयार झालं. कायम होणार मी. नक्की.

मंगळवार, २८ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. दुपारी पंतांचा फोन वाजला आणि ते नुसते "हो, हो, चुकलं" म्हणत राहिले. काय चुकलं, ते मला सांगितलं नाही.

बुधवार, २९ ऑगस्ट

काय चुकलं ते कळलं.

गुणवंतीबाईंनी स्मरणिका पंतांच्या टेबलावर आपटली. "वाच," मला म्हणाल्या. मी वाचलं. 'दऱ्याला नारळ वाहू गं बाई.' पुढच्या गाण्यात 'दऱ्या खवळला.' मग 'दऱ्यावरी होरी चालली.' दर्या. प्रत्येक गाण्यात दर्या, आणि माझ्या नामी नियमाने एकूण एक दर्याची दरी करून टाकलेली.

"आमी काय डोंगराला नारल घालताव? आमची होरी काय घाटान चालते?" त्या ओरडत होत्या तोवर ठीक होतं. नंतर आवाज उतरला. "शिकलेल्या पोरीनं मायकावर वाचाया घेतलं, जसं लिवलंय तसं. पोरं हसाया लागली. आय म्हनाली, माझा दर्या कोनी नेला गं?"

काय बोलणार होतो? की चाचण्या पास होत्या? चाचण्या मीच लिहिल्या होत्या. मला जे माहीत होतं तेवढंच मी मशीनला विचारलं होतं, आणि ते बिचारं बरोबर उत्तरलं होतं.

ताई उठून आली. बाईंच्या हातातून पुस्तक घेतलं आणि म्हणाली, "गुणवंतीताई, मी परत करून देते. सगळं, माझ्या हाताने. काशीबाईंना वाचून दाखवायला मी स्वतः येईन." मला ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवार, ३१ ऑगस्ट

पंतांनी दार लावून घेतलं. वाटलं, आता नोकरी गेली. पण ते शांत होते. "यंत्र पूर्ण विश्वासाचं नाही, हे एक बरं कळलं," म्हणाले. "असं कर. ज्या शब्दाची शंका येईल तो त्याने पिवळा करून ठेवायचा. एक बाई बसेल आणि तेवढे पिवळे बघेल. दोघींना कमी करायचा विचार होता, पण आता एकीला ठेवावंच लागेल."

मी म्हटलं, "कमी करायचा विचार? कधीपासून?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "अरे, पहिल्या दिवसापासून. नाहीतर हा सगळा खटाटोप कशासाठी चालवला होता?"

मग म्हणाले, "कोणाला ठेवायचं ते तू सांग. एक तुझी बहीणच आहे म्हणा."

हे मला कळलं नव्हतं असं मी इथे लिहितोय आणि माझाच माझ्यावर विश्वास बसत नाही. दोन बायका टाइप करत होत्या, मी टाइप करावं लागू नये म्हणून यंत्र बांधत होतो. यात न कळण्यासारखं काय होतं? मी इतका कसा बैल?

रमामावशीचा नवरा संपाच्या दुसऱ्या वर्षी गेला. बीडीडी चाळीतल्या खोलीत एकटी असते. चोपन्नाव्या वर्षी तिला दुसरं कोण उभं करणार? आणि ताई तर ताई आहे. मी कोणाचं नाव घेऊ?

सोमवार, ३ सप्टेंबर

तोड निघाली! कोणाचंच नाव घ्यायचं नाही.

शंका कधी घ्यायची हे ठरवणारा आकडा माझ्याच हातात आहे. तो ढिला केला. आता प्रोग्रॅम उठल्याबसल्या शंका घेतो. जोडाक्षर दिसलं, शंका. रफार, शंका. अनुस्वार, शंका. गेले दोन महिने मी त्याला हुशार करत होतो, आज जाणूनबुजून घाबरट केला. पहिलं पान काढलं तर हळदीच्या समारंभातून आल्यासारखं दिसत होतं.

पंतांनी चष्मा वर केला. "बाप रे! एवढं एका बाईला कसं व्हायचं?"

"दोघी लागतील," मी गंभीर चेहऱ्याने म्हटलं.

"लागतील खऱ्या," म्हणाले. सुटलो. उडी मारावीशी वाटत होती. लबाडी तर लबाडी, पण घर तर वाचलं.

बुधवार, १२ सप्टेंबर

रमामावशी आज पडद्याकडे बघून म्हणाली, "अरे मेल्या, 'आंबा'वर पण शंका?" मी हसलो. ताई नाही हसली. बसमध्ये गणपतीच्या मखराचं बोलत राहिली, यंत्राचा विषयच काढला नाही. तिला कळलंय का? कळलं तर कळलं. तिच्याच भल्याचं आहे.

 

गुरुवार, २७ सप्टेंबर

गणपती गेले. जेवणाच्या सुट्टीत रमामावशी नळावर डबा धुवायला गेली तेव्हा ताई माझ्याशेजारी येऊन बसली.

"'आंबा' शब्दात तुला काय शंका आहे?"

"मला नाही, प्रोग्रॅमला."

"रघू."

मी कीबोर्डवरून हात काढला.

"मावशी दिवसभर बरोबर शब्दाला बरोबर म्हणत बसते. काल मला बाजूला घेऊन विचारत होती, कालिंदी, माझे डोळे गेले का गं, मला यात कुठे चूकच दिसत नाही. पंतांना सांगू नकोस म्हणाली. डॉक्टरकडे जायला निघाली होती." ताईचा आवाज चढला नाही. "मला बसवून ठेवायला तू खोटं काम काढलंस. मी तेवीस वर्षं टाइप करतेय रे. एक दिवस कोणी मला फुकट बसवलेलं नाही."

"मग काय करू? एकीचं नाव सांगू? कोणाचं सांगू, तूच सांग!" माझा आवाज फाटला. सगळा राग आला होता, तिचा नाही, पण बाहेर तिच्यावरच निघाला.

ती म्हणाली, "सरक."

मी सरकलो. ती माझ्या खुर्चीत बसली. फाइल उघडली आणि सरळ त्या ओळीवर गेली. शोधावंसुद्धा लागलं नाही. आकडा आवळला. अनुस्वाराची शंका काढली, साध्या जोडाक्षराची काढली. आडनावं ठेवली, गावांची नावं ठेवली, जुन्या वळणाचे शब्द ठेवले, गाण्याच्या ओळी ठेवल्या. चाचण्या चालवल्या, पास झाल्या. पान काढून बघितलं. मान हलवली, एक नियम परत आत घेतला, पुन्हा पान काढलं. मी नुसता बघत होतो. हे सगळं तिला कधी आलं?

"अजून कमी होतील," मी म्हटलं. "एवढ्या लागत नाहीत."

"माहीत आहे. पण यातला एकेक शब्द दोनदा बघण्यासारखा आहे. खोटा एकही नाही. आणि मावशीचा दिवस भरेल."

मग बदलाचं कारण लिहायची चौकट उघडली. तिने टाइप केलं: 'शंका आवरल्या. एका माणसाला पुरतील इतक्या ठेवल्या.'

"कोणी केलं तेही राहतं ना यात?"

"हो. पण माझं नाव येईल, मशीन माझं आहे."

"मग ते बदल. माझं घाल."

मी घातलं.

"आणि तू?" मी विचारलं.

"दादरला एक दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्या दवाखान्यात बसायचं, पेशंटचे नंबर लावायचे. सोमवारपासून ये म्हणालेत. दोन-तीन छापखाने आधी बघितले, पण सगळ्यांकडे तुझ्यासारखाच एक जण बसलाय."

"कधीपासून बघत होतीस?"

"जुलैपासून."

"जुलै?"

"तूच नाही का बसमध्ये सांगितलंस?"

शनिवारच्या त्या मोरपिशी साडीबद्दल मी काय समजत होतो ते तिला सांगितलं नाही. ते या वहीत आहे तेवढंच पुरे. मावशी डबा पुसत आत आली आणि पडद्याकडे बघून म्हणाली, "अगंबाई, उतरली की रे हळद!" ताई हसली. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, पुन्हा धुतलं.

सोमवार, १ ऑक्टोबर

सकाळी दोघं बरोबरच खाली उतरलो. बाबा गॅलरीत उभे होते. गुडघ्यांमुळे एरवी उठत नाहीत. ताई दादरच्या बससाठी रस्ता ओलांडून पलीकडे गेली, मी अलीकडे उभा राहिलो. तिची बस आधी आली. तिने हात केला की केस सारखे केले, नीट दिसलं नाही.

पंतांनी अकरा वाजता बोलावलं आणि मला कायम केलं. पेढा दिला. कालिंदीबाईंनी स्वतःहून सोडलं, फार समजूतदार बाई, असंही म्हणाले. मी "हो" म्हणालो. अर्धा पेढा कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

रमामावशी आता खिडकीजवळ बसते, तिथे उजेड बरा येतो. पिवळे शब्द बघताना ती खूश असते, तोंडातल्या तोंडात पुटपुटते, कधी कधी शाबास म्हणते. दुपारी एक पान घेऊन माझ्या टेबलाशी आली. "रघू, हे बघ रे. 'सुर्या घेऊन आला.' हा सुर्या म्हणजे कोण मुलगा आहे, की सुऱ्या, चाकूबिकू?"

मी ती ओळ वाचली. तिच्या मागची वाचली, पुढची वाचली. गोष्टीत भांडणही होतं आणि मुलगाही होता. डिबगर लावून कळण्यातलं ते नव्हतं.

"थांब," म्हटलं, आणि पानावरची नजर न काढता हाक मारली, "ताई, जरा इकडे बघ गं."

मावशीने पान माझ्या हातातून हळूच काढून घेतलं.